रिकाम्या माळाचा फोटो

अंगात येणं, भास होणं, गेलेलं माणूस आसपास वावरणं... असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. हायस्कूलात विज्ञान शिकवलं. आजही मानत नाही. तरी हे लिहितो आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला उलगडा झाला तर मला तो हवा आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. मी आणि माझी पत्नी कमल रविवारी कॅमेरा घेऊन जिंतूरबाहेरच्या खडकाळ माळावर जायचो. चटकन दिसत नाहीत असे जीव टिपायचे — मातीच्या रंगाचा सरडा, खड्यांत मिसळलेली टिटवीची अंडी — आणि ते फोटो पूर्ण्याला लेकीच्या मुलांना द्यायचे. लपलेला जीव मुलांनी शोधायचा. नजर कमलची, मी नुसता बटण दाबणारा.

ती पावसाळ्यात गेली. मुलांचा हा खेळ तिच्याबरोबर संपू नये, एवढंच मला वाटत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दिवस बंद होता, शाळा नव्हती. एकटाच माळावर गेलो. सकाळभर हिंडून एक नाकतोडा आणि एक सरडा मिळाला. रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही. म्हणून डबा खाऊन झाल्यावर सतरंजी उचलली आणि जिथं ती अंथरली होती, त्याच जमिनीचे उरलेले फोटो काढून टाकले. तिथं काहीही नव्हतं. मी तिथंच तर बसलो होतो.

ते रिकामे फोटो बाजूला ठेवूनच पाकीट पूर्ण्याला नेलं. पण त्यातला एक चुकून आत राहिला होता.

"आबा, तुमी फसवायलात," नातू म्हणाला. "ह्यात कायबी न्हाई."

मी ओशाळून हात पुढे केला. धाकट्या नातीनं, रेणूनं, फोटो सोडला नाही.

"हाय की. रातवा हाय."

तिनं बोट ठेवलं तेव्हा मलाही तो पक्षी दिसला. वाळक्या पाचोळ्यासारखी पाठ, अर्धवट मिटलेला डोळा, पोटाखाली अंड्याची कड.

लेक म्हणाली, तुमचं लक्ष नसेल, बाबा. लक्ष नसेल? म्हणजे अंड्यावर बसलेल्या पाखरावर सतरंजी टाकून मी जेवलो?

घरी येऊन निगेटिव्ह उजेडात धरली. पाखरू तिच्यातही होतं. आधीच्या आणि नंतरच्या फोटोत तीच जमीन, तेच दगड, आणि काही नाही. माळावर जाऊन ती जागा पुन्हा पाहिली. ना अंडं, ना कवच, ना पीस.

पुढच्या खेपेला रेणू माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी तर न्हाई आता. मग तुमाला दाखवलं कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि नवे फोटो मागितले. तिला ते उत्तर चाललं. मला अजून चालत नाही.