चौथा होकार

माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी देवाचे नाव पुढे करून केली, हे आधीच सांगून टाकतो. रागाच्या भरात केलेली चूक माणूस दोन दिवसांनी ओळखतो. मी मात्र माझ्या चुकीला श्रद्धा म्हणत होतो, त्यामुळे ती ओळखायला मला एक अख्खे वर्ष लागले. त्या वर्षात माझ्या मुलीचे लग्न अडून राहिले. अडवणारा मी एकटाच होतो.

आम्ही बंगळुरातल्या बसवनगुडीतले जुने मराठी कुटुंब. आमचे मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे अजून हसतात, कारण आमच्या वाक्यात कानडी शब्द न विचारता येऊन बसतात. पंचविशीत मी बहाई झालो. पुढे पत्नी विजयाही झाली, आणि आमची एकुलती मुलगी नंदिनी याच श्रद्धेत वाढली. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा भरते. कोणीही यावे, आपापल्या धर्मातली प्रार्थना म्हणावी, बाकीच्यांनी शांतपणे ऐकावी. कोणाच्या प्रार्थनेवर कोणी बोलायचे नाही, हा एकच नियम. तो मीच नव्या माणसाला समजावून सांगत असे.

मागल्या वर्षी एका गुरुवारी नंदिनी तिने पसंत केलेल्या मंजुनाथला घेऊन आली. तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि रविवारी मित्रांबरोबर शहराबाहेर होसकोट्याकडची तळी साफ करतो. त्याची पाळी आली तेव्हा त्याने पिशवीतून करंजाची एक डहाळी काढली, कोवळी, तेलात बुडवल्यासारखी चकचकीत पाने असलेली. ती मधल्या टेबलावर ठेवून तो हात जोडून दोन-तीन मिनिटे गप्प बसला. शेजारच्या वृद्ध बाईंनी कौतुकाने विचारले, "प्रार्थना मनातल्या मनात म्हटलीस का रे?" तो लाजून म्हणाला, "मला शब्द येत नाहीत, अम्मा. माझा देव झाडापलीकडे कुठे नाही. झाडच तो. समोर बसलं की मन उभं राहतं, एवढंच."

मी उठलो, ती डहाळी उचलली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. परत येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "आपण इथे निर्मात्याची प्रार्थना करतो, निर्मितीची नाही." माझा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे, निदान राग दिसला असता. नंदिनी सतरंजीकडे बघत राहिली.

बहाई विवाहाला मुलामुलीची पसंती तर लागतेच, शिवाय दोघांच्याही हयात आईवडिलांची संमती लागते. चारही जणांची. स्थळ शोधणे आईवडिलांचे काम नाही, पण होकार त्यांच्या हातात असतो. जो होकार देत नाही त्याला कोणी कारण विचारत नाही. त्याने आपला जाब देवाला द्यायचा. महिन्याभरात तीन होकार आले. विजयाने त्याच दिवशी लिहून दिले. मंजुनाथच्या वडिलांनी सही केली, आणि त्याच्या आईने कानडीत चार ओळी लिहून कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लावून तो पाठवला. चौथा होकार माझा होता. तो मी दिला नाही. कोणी कारण विचारले नाही तरी मीच सांगत सुटलो: निर्माता आणि निर्मिती यांत भेद न करणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा होणार? विजया एकदाच म्हणाली, "अहो, माझे वडील तर मारुतीला तेल घालायचे. तुम्ही त्यांच्या पाया पडून मला मागितलंत."

नंदिनी भांडली नाही. पळून जाऊन कचेरीत लग्न करू शकली असती, तेही केले नाही. रोज सकाळी "अप्पा, कॉफी" म्हणून पेला हातात देई आणि नोकरीला जाई. तिचे ते आज्ञाधारकपण मला माझा विजय वाटायला हवे होते. पण मला तिच्या हातची कॉफी गिळवत नसे.

खरे कारण मी कोणालाच सांगितले नव्हते. तरुणपणी ऑफिसला जाताना आमच्या गल्लीच्या टोकाच्या एका प्रचंड झाडापाशी मी रोज थांबत असे. खोडावर तळवा टेकवला की आत काहीतरी भरून येई, आणि 'तो इथे आहे' हे इतके स्पष्ट कळे की डोळ्यांना पाणी यायचे. बहाई झाल्यावर मी ते सोडले. सोड म्हणून मला कोणीही सांगितले नव्हते. ईश्वर सर्वांपलीकडचा आहे, त्याचे स्वरूप कोणालाही जाणता येत नाही, हे आम्ही मानतो. निसर्ग ही त्याच्याच इच्छेची खूण आहे, प्रत्येक वस्तूत त्याची चिन्हे आहेत, हेही मानतो. मी पहिली गोष्ट घट्ट धरली आणि दुसरीची धास्ती घेतली. तीस वर्षे मी त्या झाडापाशी आलो की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जात होतो. आणि हा पोरगा ती चोरटी गोष्ट पिशवीत घालून उघडपणे माझ्या घरात घेऊन आला होता.

या मार्चमध्ये, आमच्या उपवासाच्या दिवसांत, मंजुनाथचा फोन आला. या एकोणीस दिवसांत आम्ही सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी घेत नाही. तो म्हणाला, "अंकल, एकदा रविवारी तळ्यावर या. बघा आणि मग नाही म्हणा. त्यानंतर मी विचारणार नाही. नंदिनीलाही मोकळं करतो." मोकळं करतो हे शब्द ऐकून मला सुटल्यासारखे वाटले, हेही कबूल करतो. नकार तोंडावर द्यायचा आणि विषय संपवायचा, असे ठरवून मी निघालो.

मेट्रोने कृष्णराजपुरापर्यंत गेलो, पुढे बस. कंडक्टरने सांगितलेल्या थांब्याच्या आधीच मी घाईने उतरलो आणि तळ्याच्या नेमक्या उलट्या काठाला पोचलो. पलीकडे, दूर, पाण्यात वाकलेली माणसे मुंग्यांएवढी दिसत होती. बांधावरून चालू लागलो. ऊन चढले होते, घसा कोरडा पडला होता. थोड्या वेळाने पायाखालचा बांध हलल्यासारखा झाला आणि मी मातीतच बसलो.

कोणीतरी माझ्यावर छत्री धरली. शेळ्या चारणारी एक म्हातारी होती. काळी छत्री, तिची एक काडी बाहेर आलेली. पाण्याची बाटली तिने माझ्या तोंडापाशी आणली. मी मान हलवून उपवास असल्याचे सांगितले.

"पाण्याचासुद्धा उपवास? कुठला देव असा कडक?" ती कानडीत म्हणाली.

"कडक नाही, अज्जी. आजारी माणसाला सूट आहे."

"मग तू कोण? पैलवान?"

मला हसू आले. कितीतरी महिन्यांनी आले असेल. तिने माझ्या टाळूवर आणि मानेवर पाणी थापले, पदराने वारा घातला आणि तशीच छत्री धरून उभी राहिली. शेळ्या कोणाच्या तरी शेतात शिरत होत्या. ती इथूनच त्यांना शिव्या घालत होती, पण हलली नाही.

बरे वाटल्यावर घड्याळ पाहिले. दुपारची नित्य प्रार्थना राहिली होती. ती आम्ही आमच्या धर्मसंस्थापकांच्या समाधीकडे तोंड करून म्हणतो. आमच्या शहरापासून ती दिशा साधारण वायव्येला येते. फोनमधली सुई नुसतीच गरगरत होती, म्हणून मी तिलाच वायव्य विचारली. तिने शेळ्यांच्या काठीने तळ्याच्या पार पलीकडे दाखवले.

"तिकडे तुझा देव राहतो?"

"नाही, अज्जी. देव एका जागी राहत नाही."

"राहत नाही, मग तिकडे तोंड कशाला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला अनेकांनी विचारला होता आणि उत्तर तयार होते. ते मी सहज बोलून गेलो, "देव तिकडे आहे म्हणून नाही. मनाला कुठेतरी उभं राहायला जागा लागते."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "मग लवकर उभा राहा. शेळ्या मिरची खातायत."

पण मी उभा राहू शकलो नाही. माझ्या तोंडून मंजुनाथचे वाक्य बाहेर पडले होते. समोर बसलं की मन उभं राहतं, एवढंच. वर्षापूर्वी माझ्याच घरात तो हेच म्हणाला होता आणि मी त्याची डहाळी उचलून बाहेर ठेवली होती. मी स्वतः पृथ्वीवरच्या एका ठिकाणाकडे रोज तोंड करतो आणि तेवढ्याने कोणी मला दगडामातीचा पूजक म्हणत नाही. कारण माझे मन कुठवर जाते हे बाहेरच्याला दिसत नाही. मग त्याचे मन कुठवर जाते हे मला कसे दिसले?

अज्जीने दिलेल्या पाण्याने हात-तोंड धुऊन मी वायव्येकडे तोंड करून उभा राहिलो. समोर सगळे तळेच होते. बगळे, पाणकोंबड्या, उन्हाने चमचमणारे पाणी, पलीकडे चिखलात वाकलेली माणसे. तू सामर्थ्यवान, मी दुर्बळ, अशा अर्थाचे ते थोडेसे शब्द मी तीस वर्षे म्हणत आलो आहे. त्या दिवशी ते म्हणताना पहिल्यांदा मला डोळे मिटावेसे वाटले नाहीत. तळे म्हणजे देव, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पण ज्याच्यासमोर मी उभा होतो त्याच्याकडून ते तळे येत होते, क्षणोक्षणी, नुकतेच दिल्यासारखे. तीस वर्षांपूर्वी बंद केलेले काहीतरी आत पुन्हा भरून आले. मी रडत होतो आणि मला फार आनंद होत होता.

वळून पाहिले तर अज्जी मिरचीच्या शेतात पोचली होती आणि शेतमालकाशी तिचे कडाक्याचे भांडण चालले होते. मी हात केला, तिने काठीनेच 'जा, जा' अशी खूण केली. छत्री माझ्या पायापाशी उघडी ठेवली होती. बांधावरच्या टपरीवाल्याकडे तिची म्हणून देऊन मी पुढे गेलो. तिचे नाव मला माहीत नाही. ती कोण होती, कोणी पाठवली, यावर मी वाद घालणार नाही. शेळ्या चारायला ती रोजच येत असेल. आधीच्या थांब्यावर मात्र मी त्याच दिवशी उतरलो.

मंजुनाथ कमरेएवढ्या पाण्यात जलपर्णी ओढत होता. मला चिखलाने माखलेला पाहून घाबरला. मी पँट गुडघ्यावर दुमडली आणि त्याच्याशेजारी उतरलो. पहिल्याच पावलात डावी चप्पल तळ्याने गिळली. "अंकल, ती आता हजार वर्षांनी दगड होऊन निघेल," तो म्हणाला, आणि आम्ही दोघे वेड्यासारखे हसलो. उरलेला दिवस मी सावलीत बसत, उठत, काम केले. संध्याकाळी लक्षात आले की सगळे पाणी पीत होते, हा मात्र प्यायला नव्हता. विचारले तर म्हणाला, "तुमच्यासमोर कसं पिऊ?" सूर्य बुडाल्यावर त्यानेच केळे सोलून माझ्या हातात दिले. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्या गुरुवारसाठी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मला त्या दिवशी वाईट वाटलं, अंकल. पण वर्षभर थांबून राहिली ती नंदिनी. क्षमा तिची मागा."

अनवाणी घरी परतताना मी मनात एकच गोष्ट घोळवत होतो. समर्पण म्हणजे स्वतःचे मत देवाच्या पायाशी ठेवणे, असे मी इतरांना सांगत आलो होतो. प्रत्यक्षात मी माझे मत देवाच्या हातात देऊन त्याच्याकडून सही मागत होतो. त्याने सही केली नाही, उलट डोक्यावर एक मोडकी छत्री धरली. त्याबद्दल त्याचे आभार कसे मानावेत ते मला अजून कळत नाही.

नंदिनी स्वयंपाकघरात उपवास सोडण्यासाठी माझे ताट वाढून बसली होती. माझे पाय पाहून म्हणाली, "अय्यो अप्पा, चप्पल?" विजयाही बाहेर आली. मी ताटावर बसलो नाही. आधी कागद मागून घेतला, होकार लिहिला, खाली सही केली. पण तो हातात देऊन मोकळे व्हावे असे मला वाटेना. मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो,

"बाळ, हा होकार उशिराचा नाही, अडवून ठेवलेला आहे. मंजुनाथच्या देवात काही खोट नव्हती. तो जे उघडपणे करतो ते मी कधीकाळी करायचो, आणि भीतीने सोडलं. त्याला बघून मला माझीच लाज वाटली, आणि ती लाज मी धर्माच्या नावाखाली तुझ्यावर टाकली. वर्षभर तू माझा मान राखलास, मी तुझा राखला नाही. मी चुकलो, नंदिनी. मला क्षमा कर."