सपाट ढगातल्या लाटा

ये गो, फोनसमोर खुर्ची पुढे ओढ. तिकडे स्वीडनात माझ्या एकुलत्या एका लेकीला ओरडणारं कोणी नाही, म्हणून मीच ओरडते. जेवलीस का विचारलं की 'हो गं आई' म्हणतेस, आणि फोनमध्ये तुझ्यामागे टेबलाच्या कोपऱ्यात बिस्किटांचा उघडा पुडा दिसतो. कोपऱ्यातलं मला अजून छान दिसतं हं.

माझी शाळा सातवीत सुटली. पण तुझ्या अभ्यासाचे रात्री चमकणारे ढग मी शिकले, ते तुझे बाबा गेले त्या उन्हाळ्यात. तुझी रात्र संपायची तेव्हा इकडे भांडुपला माझा सकाळचा चहा उकळत असायचा. तू फोटो पाठवायचीस, निळसर रुपेरी. मी घाबरलेच होते पहिल्यांदा. तू समजावलंस, नेहमीच्या ढगांच्या खूप वर, ऐंशी-एक किलोमीटरवर, बर्फाचे बारीक कण असतात. सूर्य बुडला तरी तेवढ्या उंचीवर त्याचं ऊन पोचतं. आपल्या मुंबईतून काही ते दिसायचे नाहीत.

"तिथवर फुगा जात नाही, उपग्रह टिकत नाही," तू म्हणालीस. "मग तिथला वारा कळणार कसा? तर या ढगांवरच्या सुरकुत्यांवरून. खाली वादळ झालं, वारा डोंगराला आपटला, की हवा हेलकावते. ती लाट चढत चढत वर जाते आणि ढगावर उमटते."

"म्हणजे तळमजल्यावर आदळआपट झाली की चौथ्या मजल्यावर भांडी वाजतात, तसं."

किती हसली होतीस! बाबा गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला होता, मग तो फोनमधून का असेना.

मग आपला रिवाजच पडला. चहा होईपर्यंत मी फोटोतल्या लाटा शोधायच्या, आणि तू खरं-खोटं सांगायचंस.

या जूनमध्ये तू एक फोटो पाठवलास. "बोल आई, काय दिसतं?"

"लाटाच लाटा गं! मधोमध तर नुसत्या पिळवटल्यात."

तू खुदकन हसलीस. "फसलीस! मुद्दाम पाठवला. एकही लाट नाही यात, अगदी सपाट आहे."

"तुझेच डोळे गेलेत जागून जागून. जा, झोप आता," मी तावातावाने म्हटलं आणि फोन ठेवला.

चहा गाळायला वळले, तर खिडकीच्या ग्रिलचे गज मधोमध वाकलेले. हात फिरवून पाहिला. गज सरळ होते.

मुलुंडच्या डॉक्टरांनी चौकड्यांचा कागद पुढे धरला. त्यातही लाटा. डोळ्याचा पडदा मधून खराब होतोय म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं देतायत, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही. कडेचं तेवढं दिसत राहील. तुला सांगितलं तेव्हा म्हणालीस, "मोसम संपला की येते." ते ढग उन्हाळ्यापुरतेच असतात, मला ठाऊक आहे. मी कुठे हट्ट केला?

पण फोनवर तुझा चेहरा मधोमध येतो ना गं, आणि नेमकं तिथेच धुरकट होतं. बिस्किटांचा पुडा दिसतो, भिंतीवरचं घड्याळ दिसतं, तू दिसत नाहीस. मान तिरकी केली की अजून थोडं नाक येतं, हनुवटी येते.

ऑगस्टात तुझं आकाश रिकामं झालं की लगेच निघ. मी मान वाकडी करून तुला बघत बसेन, तेव्हा हसू नकोस. ये गो लवकर.