खरखरीतला भिमा

मुंबईत चित्रकला शिकलो आणि मुरबाडच्या एका शाळेत मास्तर झालो. काही वर्षांत माझी कला फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहिण्यापुरती उरली. तरी आतला थोर कलावंत गप्प बसेना. २००३च्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला एक कल्पना सुचली. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ मांडायचे, काटे दोन स्टेशनांच्या मधे ठेवायचे आणि त्या खरखरीत लोकांनी आपली गेलेली माणसं ऐकायची. बायकोला सांगितलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

रेडिओ शोधत जवळच्या वैशाखरे गावात गीताबाईंकडे गेलो. त्यांचा नवरा भिमा वर्षापूर्वी वारला होता. माणूस रेडिओवेडा. गीताबाई दिवसभर भातात राबायच्या, बाजारात भाजी विकायच्या आणि घरी येऊन काही सांगायला लागल्या की भिमा म्हणायचा, "थांब गो, बातम्या चालल्यात." जन्मभर त्या थांबल्या.

"न्या मास्तर," त्या म्हणाल्या. "पन परत आना."

गावात घरोघरी फिरून गेलेल्या माणसांचे असेच आणखी काही रेडिओ जमवले आणि तिथल्याच शाळेचा एक वर्ग मिळाला. खिडक्यांना काळं कापड लावून रेडिओ मांडले आणि दारात उभा राहून येईल त्याला अस्तित्व आणि नास्तित्व समजावू लागलो. लोक चपला कुठे काढायच्या ते विचारत. एका आजोबांना माझी दया आली. "मास्तर, काटा जरा हलवा, स्टेशन लागंल."

दुपारी गीताबाई आल्या आणि भिमाच्या रेडिओपुढे मांडी घालून बसल्या. मी आवाज खोल करून म्हणालो, "डोळे मिटा. काय ऐकू येतं?"

"खरखर."

"तिच्या पलीकडे?"

"जलमभर ऐकलंच की, मास्तर." त्यांनी बटण फिरवून रेडिओ बंद केला आणि त्याच्याकडेच पाहत भिमाला म्हणाल्या, "अवो, आता तुमी ऐका."

आणि त्या बोलत सुटल्या. "पोरांनी हिरीकडचा आंबा तोडला. मी दोन दिस जेवले नाय. आन आपल्या हर्षालीला पोरगी झाली. तुमच्यावरच गेलीय, आपन बोलाय लागलो का भलतीकडं बगते." बोलता बोलता हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला.

शेजारच्या सकुबाईंनी ते पाहिलं आणि आपल्या सासऱ्याच्या रेडिओपुढे बसून तोही बंद केला. मग एकेक जण. माझी खरखर पार संपली.

"मास्तर," गीताबाई म्हणाल्या, "तुमी जरा भाईर बसा. घरातलं बोलनं हाय."

मी बाहेर चपलांपाशी बसलो.

संध्याकाळी ज्याने त्याने आपापला रेडिओ घरी नेला. गीताबाईंनी भिमाचा जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावर घेतला. वर्गात एकच उरला, मी भंगारातून आणलेला. त्याचं कोणीच नव्हतं. त्याच्यापुढे बसलो, इकडे तिकडे पाहिलं आणि वडिलांना हाक मारली. चित्रकलाच का घेतली, ते त्यांना अजून सांगायचं राहिलं होतं.