भोपळ्याची नर फुलं कुणी खाल्ली

मांजर्लीच्या आमच्या भोपळ्याला कुणाचीही नजर लागली नव्हती. तीस-पस्तीस वर्षं आमच्या घरात सांगितलं जातं, की शेजारच्या जनाबाईंनी कुंपणावरून नुसतं पाहिलं आणि वेल वांझ राहिला. शिकलेल्या माणसांनी असं बोलावं याचा मला संताप येतो. (इतकी वर्षं मीही मान डोलावत होतो, याचा जास्त येतो.)

मी तेव्हा अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ऑफिसर. माझ्या बायकोनं, सुधानं, मागच्या अंगणात लाल भोपळा लावला आणि यंदा गौरींच्या नैवेद्याला घरच्या भोपळ्याचे घारगे करायचे, असं साऱ्या आळीत जाहीर केलं. अशात पेरूवरच्या पोळ्यातली एक मधमाशी माझ्या नाकाला चावली. मी बाणेदारपणे धूर करून अख्खं पोळंच उठवलं. पंधरा दिवसांत वेलावरचे लिंबाएवढे भोपळे पिवळे पडून गळू लागले.

जनाबाई मांजर्ली गावच्याच, पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "भाव, माशी नाय तं फल कसा धरल? सकाली नराचा फूल खुडाचा नि मादीचे फुलाला लावाचा."

सुधा माझ्याकडे वळली. "माश्या तुम्ही घालवल्यात. आता माशी तुम्ही व्हा."

झालो! रोज सकाळी सहाला, बनियनवर, मी या फुलाचं नाक त्या फुलाला घासत असे आणि दूधवाला सायकल थांबवून बघत असे. चौथ्या दिवशी माझ्यातला ऑफिसर जागा झाला. एक नर फूल तीन माद्यांना पुरतं, तर उरलेली वीस वेलाचा जीव का खातात? ती मी खुडून डब्यात भरली. कॅन्टीनच्या आचाऱ्यानं बेसनात बुडवून तळली. अहाहा! दुसऱ्या दिवशी सगळा विभाग माझ्या डब्याची वाट बघत होता. मग जास्तीची, मग पुरेशी, आणि शेवटी होती नव्हती ती सगळी नर फुलं तेलात गेली. घरी मात्र मी न चुकता सांगत होतो, "लावलं."

गौरी आल्या तेव्हा वेलाची पानं सुपाएवढी झाली होती आणि भोपळा एकही नव्हता.

"रोज लावत होतात ना?" सुधानं विचारलं.

"रोज."

नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडून जनाबाई कौतुकानं म्हणाल्या, "येल मातर झ्याक वाढलाय." सुधानं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि निकाल लागला. त्या दिवसापासून कुंपणावरून वाटी जायची बंद झाली. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नाही. मी गप्प. तोंडात भजी नव्हती, तरी गप्प.

गेल्या महिन्यात राहवेना. सुधाला घेऊन जनाबाईंच्या घरी गेलो आणि दोघींसमोर सगळं कबूल केलं.

जनाबाई शांतपणे म्हणाल्या, "मना म्हाईत व्हता. रोज डबा भरताना बगाची ना मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तं हिनी तुमाला घरान ठेवला असता? मी काय, कुंपनाचे भायेरच व्हते."

सुधानं त्यांचे हात धरले. माझ्याशी ती आठवडाभर बोलली नाही.

आता आमच्या गच्चीत भोपळ्याचा नवा वेल आहे. फुलं लावायला जनाबाईंची सून येते. मी गच्चीत पाऊल टाकलं, की सुधा वेलावर जुनं पातळ पसरते. नजर लागते म्हणे. माझी.