आईसाठी न्हाणीघरात घातलेलं व्हिनाईल

आमच्या साताऱ्याच्या घरात आई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचा पाय घोट्यात मोडला. नव्वदच्या दशकातली, मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. न्हाणीत शहाबादी फरशी होती. वर्षानुवर्षं पाणी, साबण आणि आईच्याच ब्रशानं ती इतकी गुळगुळीत झाली होती, की ओली असताना तिच्यावर मांजरही जपून पाय टाकायचं. प्लास्टर घातल्यावर सांगलीचा मामा गाडी घेऊन आला आणि आईला माहेरी घेऊन गेला. इथं तिचं करायला कोण आहे, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. घरात मागे उरलो आम्ही दोघं पुरुष. वडील, म्हणजे आबा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. आणि मी, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नुकताच लागलेला डिप्लोमावाला. दोघांना मिळून एक धड भाजी येत नव्हती.

पिठलं मात्र यायचं. आम्ही पिठलं खाल्लं. मग पिठल्याचा कंटाळा आला म्हणून घट्ट पिठलं खाल्लं.

प्लास्टर निघालं तरी आई येईना. दर रविवारी आबा आणि मी चौकातल्या एसटीडी बूथवर जायचो. काचेच्या त्या खोक्यात आबा सावधानमध्ये उभे राहायचे, रिसीव्हर कानाला लावून विचारायचे, "कशी हायेस?" पलीकडून काहीतरी उत्तर यायचं. आबा म्हणायचे, "बरं." आणि रिसीव्हर माझ्या हातात. मग मी जेवणाचं, धुण्याचं, शेजारणीचं सगळं सांगायचो, आणि आबा खोक्याबाहेर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. बोलणं संपलं की घरी येईपर्यंत विचारायचे, आई आणखी काय म्हणाली. तोच प्रश्न घराच्या पायरीवर पुन्हा.

एकदा मी आईला सरळच विचारलं, कधी येतेस. ती म्हणाली, "त्या न्हाणीची भीती वाटते रे." एवढंच. मी ते आबांना सांगितलं आणि आबांना एकदम काम मिळालं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि व्हिनाईलची गुंडाळी खांद्यावर घेऊन आले. तेव्हा आमच्याकडे व्हिनाईल म्हणजे पुढच्या खोलीत अंथरायची संगमरवरी नक्षीची शीट. न्हाणीत कोणी घालत नव्हतं. पण दुकानदारानं त्यांना दोन प्रकार दाखवले होते, एक चकचकीत आणि एक बारीक दाण्यांचा, मळकट राखाडी. दाण्यांचा ओल्यातही पाय धरतो म्हणाला. आबांनी दुकानातच चप्पल काढून, पाणी मागून, पाय ओला करून उभं राहून बघितलं होतं. दुकानदाराचं त्या दिवशी दुसरं कुठलं गिऱ्हाईक झालं नसावं.

"दुकानात न्हाई घसरलं," आबा म्हणाले. "पर साबणाचं काय? तू इंजिनेर हाईस न्हवं? मोज."

घसरण मोजायची कशी हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, पण तसं कबूल करायचं वय नव्हतं ते. मी एक फळी घेतली, तिच्यावर व्हिनाईलचा तुकडा ठोकला, साबणाचं पाणी ओतलं, वर आईची चप्पल ठेवली आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलत गेलो. चप्पल कधी सुटते ते बघायचं, अशी माझी शास्त्रीय पद्धत. चप्पल बराच वेळ टिकली. मी विजयानं आबांकडे बघितलं.

"ती चपला घालून अंघूळ करती व्हय?" आबांनी विचारलं.

मग फळीवर अनवाणी मला उभं केलं आणि टोक त्यांनी उचललं. मी घसरलो, पण चपलेपेक्षा उशिरा. आबांनी मान डोलावली. माझ्या ढुंगणाला दोन दिवस मुका मार होता, पण शीट पास झाली.

फरशी घासून, वाळवून, चिकटवण लावून आम्ही ती घातली. कडेचा पट्टा भिंतीवर थोडा वर चढवला, म्हणजे पाणी खाली शिरायला नको. मोरीच्या जाळीकडचा उतार तसाच ठेवला. दोन माणसं त्या एवढ्याशा न्हाणीत वाकून काम करत होती, एकमेकांच्या पाठीला पाठ लागत होती. आबा त्या दिवसात जितकं बोलले तितकं मला त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकू आलं नव्हतं. आईला कढत पाणी किती लागतं, ती पाटावर कुठं तोंड करून बसते, तांब्या कुठं ठेवते. हे सगळं त्यांना माहीत होतं, याचंच मला नवल वाटलं. "पाट हितं," असं म्हणून त्यांनी खडूनं खूण केली.

त्या आठवड्यात बूथवर कळलं, की मामा कोर्टाच्या कामाला साताऱ्यात येतोय आणि आईनं त्याला न्हाणी बघून यायला सांगितलंय. आबांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांच्या मते हे इन्स्पेक्शन होतं. आणि इन्स्पेक्शनच्या आधी फौजेत काय करतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मामा यायचा त्या दिवशी मी पहिल्या पाळीला गेलो होतो. परत आलो तर न्हाणीत माझा चेहरा दिसत होता. आबांनी सकाळपासून बसून, फडकं गोल गोल फिरवत, मेणाचं फ्लोअर पॉलिश त्या दाण्यांत जिरवलं होतं. बराकीतली फरशी ते असंच लख्ख करायचे.

मी काही म्हणालो का? म्हणालो. "वा, आबा," असं म्हणालो.

मामा हळदीचा व्यापारी, अंगानं भरलेला. तो आत गेला, त्यानं कौतुकानं नळ सोडला, पाऊल टाकलं, आणि आम्हाला एकदम मामाऐवजी मामाचे दोन तळपाय दिसले. सुदैवानं तो नळाला धरून खाली आला, त्यामुळे पडला कमी आणि भिजला जास्त. आम्ही दोघांनी त्याला उचलला. आबांचा धुतलेला पायजमा घालून, चहा पिताना तो म्हणाला, "दाजी, फरशी झ्याक हाय. आरशागत हाय. पर आरशावर आंघूळ कोन करतंय?"

आबा हसले नाहीत. मामा गेल्यावर त्यांनी पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काथ्याचा ब्रश घेऊन न्हाणीत बसले. मी म्हणालो, मी करतो. ते म्हणाले, "तू पिठलं कर." दाणा पुन्हा बोटाला लागेपर्यंत ते घासत राहिले. मधेच थांबून म्हणाले, "आता ती येती व्हय रं?" मी पीठ कालवत होतो.

रविवारी ते बूथवर गेले नाहीत. उरलेला तुकडा गुंडाळून काखेत मारला आणि मला घेऊन सांगलीची एसटी धरली. वाटभर ती गुंडाळी त्यांनी मांडीवर उभी धरली होती, लेकरू धरावं तशी.

मामाच्या घरामागे धुण्याची जागा होती. सगळ्या घरात हळदीचा वास, मामी, तिच्या जावा, भाडेकरू, सगळे दारात जमलेले. आबांनी तुकडा अंथरला, त्यावर बादली ओतली, साबणाचा फेस टाकला आणि आईला म्हणाले, "हुबी ऱ्हा."

आई काठी टेकत आली होती. किंचित वाळली होती, पण तीच. मला तिच्या पदराला जाऊन नाक लावावंसं वाटत होतं. मिशा आलेल्या माणसाला ते शोभत नाही, म्हणून मी बादली धरून उभा राहिलो.

ती उभी राहिली नाही. ती म्हणाली, "आवं, मी फरशीला न्हाई भ्याले."

मग तिनं सांगितलं. पडली त्या दिवशी आबा पेन्शनच्या कामाला लवकर गेले होते, मी पाळीवर. आबा दुपारी आले तेव्हा ती 'आत्ताच पडले' म्हणाली होती. ती सकाळीच पडली होती. हाका मारल्या, कोणाला ऐकू गेल्या नाहीत. अंगावरचं पाणी वाळलं. सरपटत जाऊन कशीबशी कडी तेवढी काढली, आणि तिथंच पडून राहिली. "पाय मोडला ते काय वाटलं न्हाई. पर बोलायला कोनी नव्हतं."

आबांनी खाली बघितलं. मग ओल्या तुकड्यावर ते स्वतःच अनवाणी उभे राहिले आणि मामाच्या सगळ्या घरासमोर त्यांनी हात पुढं केला. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोचा हात चारचौघांत धरायची पद्धत नव्हती. मामी दुसरीकडे बघू लागली. आईनं काठी माझ्याकडे दिली आणि त्यांचा हात धरून तुकड्यावर चढली.

"धरतंय गं?" आबांनी विचारलं.

"धरतंय," आई म्हणाली.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं आम्ही तिला घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी न्हाणीच्या दाराची आतली कडी काढून टाकली आणि बाहेर स्टूल टाकून पेपर घेऊन बसले. आत आई, बाहेर आबा मोठ्यानं पेपर वाचतायत. धरणात पाणी किती, ऊस कुठं अडला, कोणाकडे चोरी झाली. फोनवर तीन शब्दांपलीकडे न गेलेला माणूस पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचायचा. आईचा 'हं' आला नाही की वाचन थांबायचं. "ऐकतीस न्हवं?" आतून यायचं, "ऐकतीया. म्होरं वाचा." हे त्यांचं मग कायमचं झालं.

आता दोघंही नाहीत. माझ्या फ्लॅटमध्ये खरखरीत टाइल्स आहेत, भिंतीला स्टीलची दांडी आहे, घसरायची सोय नाही. बायको म्हणते, तुम्हाला अंघोळीला फार वेळ लागतो. लागतो खरा. मी मधेच नळ बंद करतो आणि बाहेरचा कानोसा घेत तसाच बसतो, अंगावरचं पाणी वाळेपर्यंत. बाहेरून कुकरची शिट्टी ऐकू येते, लिफ्टचं दार ऐकू येतं. मग मी पुन्हा नळ सोडतो.