संगप्पा मास्तरांचा माईक

अहमदपुरात एक कुजबूज अजून जिवंत आहे. संगप्पा मास्तरांच्या पोरीच्या लग्नात माईकची वायर तोडली ती म्हणे नवरदेवाच्या मामानं, मल्लेशनं. सत्कारात नाव राहिलं म्हणून. सांगणारा आधी मागंपुढं बघतो, आवाज खाली घेतो आणि मग अख्ख्या हॉटेलाला ऐकू जाईल असं सांगतो.

मास्तर म्हणजे तालुक्याचा आवाज. तीस वर्षं शाळेत पोरांची हजेरी घेतली, आणि रविवारी लग्नांत पाहुण्यांची. आपल्याकडं नवरा-नवरी उभे राहिले म्हणून लग्न लागत नाही. आधी टोपी, टॉवेल, नारळ. माईकवर नाव पुकारलं नाही तर तो माणूस आलाच नव्हता असं धरतात. मग त्यानं चार पंगती का जेवलेल्या असेनात! मांडवात पाऊल टाकलं की मास्तरांच्या खिशात चिठ्ठ्या पडू लागत. कुणी म्हणे 'माजी उपसरपंच' लिहा, पण 'माजी' जरा हळू म्हणा. कुणाला 'समाजभूषण' हवं; कुठल्या समाजाचं, ते त्यालाही ठाऊक नसे. एकाचं नाव राहिलं तर तो चार वर्षं मास्तर दिसले की रस्ता ओलांडायचा.

"मास्तर, आमी काय मेलो होतो का?"

या प्रश्नानं मास्तर विटले होते. लग्नातला भात त्यांना कधी गरम मिळाला नाही, आणि मुहूर्त कधी वेळेवर दिसला नाही.

लेकीचं, मंजुश्रीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, शालू नको, काही नको. बारा पस्तीस म्हंजे बारा पस्तीस. लोकांचे सत्कार संपस्तोवर मला बाशिंग बांधून उभं करू नका."

"शब्द दिला," मास्तर म्हणाले. आयुष्यात लेकीनं मागितलेली ती पहिलीच गोष्ट.

माईकला त्यांनी लातूरहून माणूस बोलावला. तोंडओळख नको, भीड नको, हा हिशेब. पण तो निघाला भलताच गोड. आलेली प्रत्येक चिठ्ठी वाचायचा, वर दोन ओळी शायरी. बारा पस्तीस गेले. एक वाजला. मंजुश्रीच्या कपाळावरून हळद ओघळू लागली.

मास्तरांच्या बायकोनं, दानम्मानं त्यांची बाही ओढली. "अवो, पोरगी उभ्यानं वाळून राहिली. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात बोंबलता, आज जरा आपल्या लग्नात बोंबला की!"

मास्तर माईकवाल्याकडं गेले. "बस कर बाबा आता."

"गुरुजी, तुमच्याच सोयऱ्यांची यादी हाय. अजून एकवीस नावं." आणि त्यानं वर घोषणा केली, "उरलेली नावं खुद्द वधुपित्याच्या मुखातून!"

टाळ्या पडल्या. माईक हातात आला आणि मास्तरांभोवती चिठ्ठ्यांचे हात. मल्लेश पुढं घुसला, लालबुंद. "माजं नाव कुठंय? नवरदेवाचा सख्खा मामा हाय मी! घरी जाऊ का?"

"हाय, हाय. येतंय नाव," मास्तर म्हणाले, आणि स्टेजकडं पाहिलं. मंजुश्री नवऱ्याकडं बघत नव्हती. बापाकडं बघत होती. रागावलेली नव्हती, तिनं नुसतं मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"मशीन कुरकुर करून राहिलं. बघून येतो," म्हणून मास्तर माईक स्टँडला लावून स्टेजमागं गेले. खट् आवाज झाला आणि कर्णे गप्प. एवढी शांतता त्या मंगल कार्यालयानं पहिल्यांदाच ऐकली. लग्न लावायला आलेल्या जंगम स्वामींनी संधी साधली, उघड्या गळ्यानं मंगलाष्टकं सुरू केली, आणि एक वाजून दहा मिनिटांनी अक्षता पडल्या. उरलेले एकवीस जण हातातला तांदूळ दगडासारखा फेकत होते.

वायर कुणी तोडली? माईकपाशी तावातावानं उभा होता मल्लेश. लोकांना तेवढं पुरलं. त्यानं शपथा घेतल्या. कुणी ऐकलं नाही.

"मामा, आमच्या मांडवात येताना हात खिशात ठिवा बरं!" असं अजून म्हणतात त्याला. पण भीतीपोटी प्रत्येक लग्नात पहिलं नाव त्याचंच पुकारतात. तेव्हापासून त्यानं शपथा घेणं बंद केलंय.

वायर संगप्पा मास्तरांनी तोडली. अडकित्त्यानं.