पाऊण भाकरीचं निम्मं

आमच्या निरवांगीच्या वस्तीवरच्या शाळेत राजलक्ष्मीबाई शिकवतात. बावड्याहून स्कूटीवर येतात. पोरं माघारी त्यांना ‘कशावरूनबाई’ म्हणतात. उत्तर बरोबर आलं तरी बाई विचारणार, “कशावरून?” फळ्यावर गणित लिहायच्या आधी चिंचोके, काड्या, काय काय मांडत बसतात. मी चारचौघींत म्हणायची, ह्या बाईंनाच पाढे येत नसतील.

एकदा त्या घरी आल्या. “आजी, चौथीला अपूर्णांक शिकवायचेत. भाकरी घेऊन या. पाव, अर्धी, पाऊण तुम्हीच दाखवा.”

मी दुसरीतनं शाळा सोडलेली. ठेवणीतलं लुगडं नेसून गेले.

भाकरी मोडली. ही अर्धी, हा चतकोर, तीन चतकोर म्हणजे पाऊण. पोरं माना डोलवत होती, मला तर गुरुजी झाल्यागत वाटत होतं. तेवढ्यात मागनं कुंडलिक ट्रॅक्टरवाल्याची प्रगती म्हणाली, “आजी, पाऊण भाकरी दोघींत सारखी वाटली तर?”

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली.

“पाऊणचं निम्मं नसतंय,” मी म्हणाले. “लई शाणी हायस. भूक लागली आसंल तर तसं सांग की.”

पोरं हसली. प्रगती खाली बसली.

बाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, “आजी, जूनपासून ती आज वर्गात पहिल्यांदा बोलली.”

घरी उरलेली पाऊण भाकरी पुढं घेऊन बसले. दोघींना एकेक चतकोर. तिसरा मधोमध मोडला, एकेक नितकोर. झालं. पन्नास वर्षं लेकरांच्या ताटात हेच तर वाढत आले होते.

दुसऱ्या दिवशी कुणी न बोलावता भाकरी घेऊन शाळेत गेले. पोरांपुढं उभी राहिले. “काल मला येत न्हवतं, म्हणून मी प्रगतीला बोलले. निम्मं असतंय.”

“कशावरून?” अविराज नावाचं कार्टं म्हणालंच.

पोरं पुन्हा हसली, ह्या खेपेला मला. मी मोडून दाखवलं. प्रगतीनं मान वर केली नाही. बाईंनी एक नितकोर तिच्यापुढं ठेवला. तिनं त्याचे दोन तुकडे केले, शेजारी शेजारी लावून बघितले. मग हळूच विचारलं, “असे किती झाले की एक भाकरी होते?”

मला नाही, बाईंना विचारलं.